मदत हवी आहे: मुंबई मॅरेथॉनच्या दमट हवेत वेगवान प्रतिस्पर्ध्यांना सुरुवातीला पुढे जाऊ द्यावे का?

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतराच्या शर्यतीसाठी मी रत्नागिरीत तयारी करीत आहे. शर्यत कशी धावावी याबाबत माझा निर्णय होत नसल्याने अनुभवी धावपटूंचा, प्रशिक्षकांचा आणि क्रीडावैद्यकाची जाण असलेल्या डॉक्टरांचा सल्ला हवा आहे. माझे वय सत्तेचाळीस असून आजवरची सर्वोत्तम वेळ तीन तास पन्नास मिनिटांच्या आसपास आहे. वयोगटात वरचा क्रमांक मिळवायचा तर पुणे आणि नाशिककडच्या ज्या दोघीतिघींना मागे टाकावे लागेल, त्या थंड हवेत हेच अंतर माझ्यापेक्षा सुमारे आठ मिनिटे लवकर पूर्ण करतात. साताऱ्याच्या घाटातील अर्धमॅरेथॉनमध्ये, गार आणि ढगाळ हवेत, मी त्यांच्या आसपासही नसते. त्यामुळे मला काही संधी असलीच, तर ती मुंबईच्या हवेमुळेच असेल.

शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारीच्या मध्यास मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो, म्हणजे पहिले दोन तास अंधारात आणि त्यातल्या त्यात गारव्यात जातात. परंतु पहाटेच्या त्या हवेत आर्द्रता भरपूर असते, घाम अंगावरच राहतो आणि वाळत नाही. शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, तर तो वाळण्याने, हे आपण सर्वजण जाणतोच. त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागते, स्नायूंच्या वाट्याला तेवढे कमी येते आणि वेग तोच ठेवला तरी हृदयाचे ठोके हळूहळू वाढत जातात. अशा स्थितीत पस्तीस किलोमीटर ओलांडल्यावर, ऊन चढलेले असताना, पेडर रोडचा चढ समोर येतो. माझ्या हिशेबाने मी तिथे सव्वाआठच्या सुमारास पोहोचेन.

रत्नागिरीत वर्षाचा बराचसा काळ दमट हवेत धावण्याची सवय असल्याने हा माझा लाभ ठरेल, असे मला वाटते. उष्ण हवेत सलग एक ते दोन आठवडे सराव केला की रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. मात्र ही सवय काही आठवड्यांत ओसरतेही. ऑक्टोबरच्या उकाड्यात भाट्याच्या किनाऱ्यालगत केलेला सराव जानेवारीपर्यंत टिकणार नाही, अशी शंका आहे, कारण डिसेंबरात आमच्याकडच्याही पहाटा गार होतात. तेव्हा शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या पंधरवड्यात काही दिवस मुद्दाम सकाळी दहा-अकराच्या उन्हात, कमी अंतराचा आणि संथ सराव करावा का? तसे केल्यास शर्यतीआधीच्या विश्रांतीवर परिणाम होतो का? ज्यांनी हे केले आहे त्यांनी अवश्य लिहावे.

आता मुख्य प्रश्न. उष्ण हवेतील मोठ्या शर्यती अभ्यासताना मला दोन परस्परविरोधी धडे मिळतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन संध्याकाळी सहा वाजता, सुमारे ३५ अंश तापमानात सुरू झाली. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफच्या नावावर तेव्हा २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विश्वविक्रम होता, तर जपानच्या मिझुकी नोगुचीची सर्वोत्तम वेळ २:२१:१८ होती. नोगुचीने थांबून वाट पाहिली नाही. २५ किलोमीटरच्या सुमारास, चढावरच, ती सर्वांना सोडून पुढे गेली आणि २:२६:२० या वेळेत जिंकली. रॅडक्लिफने ३६ किलोमीटरच्या आसपास शर्यत सोडली (तिच्या बाबतीत पायाची दुखापत आणि त्यावरील औषधांमुळे झालेला पोटाचा त्रासही होता, त्यामुळे सगळा दोष उन्हाला देणे योग्य नाही). परंतु त्याच शर्यतीत केनियाची कॅथरिन नडेरेबा मागून येऊन नोगुचीपासून अवघ्या १२ सेकंदांवर दुसरी आली आणि सुरुवातीला बरीच मागे राहिलेली अमेरिकेची डीना कॅस्टर एकेकीला गाठत तिसरी आली. दीड मीटर उंचीच्या नोगुचीला तिच्या लहान चणीचाही लाभ झाला असावा, कारण वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असले की उष्णता बाहेर टाकणे सोपे जाते. मीही चणीने लहान आहे, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

२०१२ च्या बोस्टन मॅरेथॉनचे उदाहरण मात्र संयमाच्या बाजूचे आहे. तापमान ३० अंशांच्या वर गेले होते. आदल्या वर्षी त्याच मार्गावर २:०३:०२ अशी वेळ देणाऱ्या जेफ्री मुताईला शर्यत अर्धवट सोडावी लागली, आणि आघाडीच्या गटापासून मागे पडलेला वेस्ली कोरिर नंतर सर्वांना गाठून २:१२:४० या वेळेत पहिला आला.

मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. पुणे-नाशिककडच्या त्या प्रतिस्पर्धी दर किलोमीटरला सव्वापाच मिनिटांनी धावल्या आणि मी साडेपाच मिनिटांनी धावले, तर ३० किलोमीटरला आमच्यात साडेसात मिनिटांचे अंतर असेल. उरलेल्या बारा किलोमीटरमध्ये ते भरून काढायचे तर मला साडेपाचचा वेग टिकवावा लागेल आणि त्यांचा वेग किलोमीटरला सहा मिनिटे सात-आठ सेकंदांपर्यंत घसरावा लागेल. उन्हात अशी घसरण होते, हे मी पाहिले आहे. परंतु दुसऱ्याच्या घसरणीवर आपली सगळी योजना उभारणे कितपत योग्य? आणि त्यांनीही सावधपणे सुरुवात केली, तर मी मागे राहण्याला अर्थच उरत नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मॅरेथॉनच्या वेळांवर हवामानाचा परिणाम तपासणाऱ्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की उष्णता वाढते तशी सर्वांचीच गती कमी होते, पण मागच्या धावपटूंची अधिक कमी होते. मागे राहणारी व्यक्ती उन्हात जास्त वेळ असते, हे त्यामागचे एक कारण असू शकेल. म्हणजे हवा माझ्या बाजूने आहे हा माझा समज मुळातच चुकीचा असू शकतो. त्या अभ्यासातील फरक आणि आमच्यातला आठ मिनिटांचा फरक यांची तुलना करणे योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

पाण्याबद्दलही विचारायचे आहे. धावण्यापूर्वी आणि नंतर वजन करून पाहिले, तर दमट दिवशी ताशी लिटरभराहून अधिक घाम जातो. तेवढे पाणी धावताना माझ्या पोटात राहत नाही आणि तेवढे प्यावे असेही नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले होते आणि शर्यतीत वजन वाढणे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणे, याच्याशी त्याचा ठळक संबंध होता. सध्या मी ओआरएस घेते. त्यातून मीठ मिळते, पण लिटरला अवघी साडेतेरा ग्रॅम साखर असल्याने ऊर्जा पुरत नाही, म्हणून बरोबर जेल (धावताना खायचे साखरेचे घट्ट मिश्रण) ठेवते. मीठ-साखर घातलेले कोकम सरबत सरावात मला चांगले मानवले आहे. शर्यतीत कोणी ते नेले आहे का? डोक्यावर पाणी ओतल्याने दमट हवेत खरोखर उपयोग होतो, की केवळ बरे वाटते आणि बूट भिजून पायांना फोड येतात?

पंचेचाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींना वेगळे विचारते. रजोनिवृत्तीपूर्वीच्या या काळात मला अधूनमधून अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, ठोके वाढतात आणि काही मिनिटांनी सगळे पूर्ववत होते. लांब अंतर धावताना असे झाले, तर हा उन्हाचा इशारा आहे की रजोनिवृत्तीची नेहमीची लाट आहे, हे मला ओळखता येत नाही. अंगावर काटा येणे, थंडी वाजणे, तोल जाणे किंवा विचारांत गोंधळ होणे यांपैकी काहीही जाणवले तर क्रमांकाचा विचार न करता थांबायचे, एवढे मी ठरवले आहे. परंतु त्याआधीच्या टप्प्यात वेग कमी करायचा की लाट ओसरेपर्यंत तसेच धावायचे, हे तुम्ही कशावरून ठरवता?

माझ्या पसंतीचा कल सध्या असा आहे: सूर्योदयापर्यंत ठोक्यांवर लक्ष ठेवून किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या आतबाहेर धावायचे, सी लिंकवर कोणाच्याही मागे लागायचे नाही आणि खरी शर्यत पेडर रोडच्या पायथ्याशी सुरू करायची. ज्यांनी उष्ण हवेत स्वतःपेक्षा वेगवान प्रतिस्पर्ध्याला मागून गाठले आहे, त्यांनी कृपया ३० किलोमीटरला त्यांच्यात किती अंतर होते, प्रतिस्पर्धी कधी नजरेस पडला आणि तोवर त्यांनी स्वतःचा वेग कशाच्या आधारे राखला, हे तपशिलाने लिहावे. ज्यांचा असा प्रयत्न फसला, त्यांचे अनुभव तर मला त्याहूनही हवे आहेत. माझ्या सरावातील वेगाच्या आणि ठोक्यांच्या नोंदी कोणाला पाहायच्या असतील, तर मी त्या इथेच देते.