बागेचे आरक्षण बदलण्याची नोटीस: हरकत कशी लिहावी?

वडाची_पारंबी:
प्रभागातला 0.6 हेक्टरचा भूखंड मंजूर विकास योजनेत बागेसाठी आरक्षित आहे. महापालिकेने कलम 37 ची नोटीस काढून तिथे वाहनतळ आणि व्यापारी संकुल प्रस्तावित केले आहे. जागेवर कडुनिंब, शिरीष, पिंपळ अशी मोठी झाडे आहेत. छापील अर्जावर सह्या घेणे सुरू आहे. तेवढे पुरेल का? नगरसेवकांकडे नेमके काय मागायचे?

नकाशा_आणि_टेप:
सह्या घ्या, पण एकाच मजकुराचे शंभर अर्ज सुनावणीत एकगठ्ठा निकाली निघतात. दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे मांडलेले जास्त जड जातात.

आधी तारीख बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली नोटिशीच्या तारखेपासून एक महिना मिळतो, तुमच्या वाचनात आली तेव्हापासून नाही. राजपत्र आणि वर्तमानपत्र यांच्या तारखा वेगळ्या असतील तर आधीची धरा. अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. "समक्ष सुनावणी मिळावी" हे वाक्य विसरू नका.

"झाडे वाचवा" एवढ्यावर अधिकारी "नोंद घेतली" लिहून मोकळे होतात. नोटीस क्रमांक, सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक लिहा आणि मग हिशेब मांडा: प्रभागात प्रत्यक्ष वापरात असलेल्या बागा-मैदानांचे क्षेत्र भागिले लोकसंख्या. केंद्राच्या 2014 च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौ. मी. मोकळी जागा धरली आहे. ताब्यात न आलेली आरक्षणे या बेरजेत घेऊ नका, नकाशावर ती नुसती हिरवी दिसतात. या बागेच्या बदल्यात तेवढीच जागा याच भागात कुठे देणार, हेही विचारा.

बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा (1991) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बागेची जागा खासगी रुग्णालयाला देणे अवैध ठरवले आणि दाद मागण्याचा रहिवाशांचा हक्क मान्य केला. दाखला जरूर द्या, पण तो कर्नाटकातल्या कायद्यावरचा आहे, म्हणून मुख्य भार हिशेबावरच ठेवा.

ओलावा:
हवामानाचा मुद्दाही आकड्यांत मांडा. तासाभरात 50 मि.मी. पाऊस झाला तर 6,000 चौ. मी. वर 3 लाख लिटर पाणी पडते. मोकळ्या मातीत त्यातले बरेच मुरते, काँक्रीटवरून जवळजवळ सगळे गटारात जाते. खालच्या गल्लीत पाणी तुंबत असेल तर तारखेसह फोटो जोडा आणि पावसाळी वाहिनीची क्षमता तपासली का ते विचारा. तापमान दाखवायचे तर झाडाखाली आणि डांबरी रस्त्यालगत एकाच वेळी, सारख्या उंचीवर मोजा. रस्त्यालगतही तापमापकावर आडोसा हवा. थेट उन्हात तो हवेचे खरे तापमान दाखवत नाही आणि त्या एका चुकीवरून सगळी हरकत पोकळ ठरवली जाते.

झाडांची यादी आत्ताच करा: प्रजाती, 1.37 मीटर उंचीवर घेर, अंदाजे वय, फोटो. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. वृक्षतोडीची फाइल वेगळी असते, तिची नोटीस नंतर निघते आणि हरकतीला सहसा 7 दिवसच मिळतात.

वडाची_पारंबी:
जागा अजून खासगी मालकीची आहे. फरक पडतो का?

नकाशा_आणि_टेप:
फार. बागा सगळ्यात जास्त इथेच हातच्या जातात. योजना लागू होऊन 10 वर्षांत संपादन झाले नाही तर मालक नगर रचना अधिनियमाच्या कलम 127 ची सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नुसता ठराव म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या गिरनार ट्रेडर्स निकालाने (2007) स्पष्ट केले. अशी सूचना आली आहे का, कधी आली आणि संपादनाचा प्रस्ताव कुठे आहे, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तराची मुदत 30 दिवस आहे, म्हणून त्यासाठी हरकत थांबवू नका. उत्तर सुनावणीत पुरवणी म्हणून द्या.

नगरसेवकांकडे "पाठिंबा" मागू नका, लेखी दोन गोष्टी मागा: फेरबदल फेटाळण्याची सर्वसाधारण सभेतली उपसूचना, आणि अंदाजपत्रकात या आरक्षण क्रमांकाच्या भूसंपादनासाठी तरतूद. दुसरी मागणी डिसेंबरच्या आत पोचवा, कारण मसुदा छापून झाल्यावर नवे काम घुसवणे अवघड जाते. "पैसे नाहीत" असे उत्तर आले तर मालकाला टीडीआर (जागेच्या मोबदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देण्याचा पर्याय लेखी पुढे करा. नगरसेवक नसून महापालिकेवर प्रशासक असेल तर ही दोन्ही पत्रे त्यांच्या नावे द्या. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते, त्यामुळे हरकतीची एक प्रत नगर विकास विभागालाही पाठवा.