साइड-स्कॅन सोनारच्या चित्रात ठिपक्यांच्या तिरक्या रेघा, मदत हवी आहे

बुडालेल्या वस्तू शोधायला आम्ही छोट्या बोटीवरून ४५५ किलोहर्ट्झचा साइड-स्कॅन सोनार (ध्वनीने दोन्ही बाजूंच्या तळाचं चित्र काढणारं यंत्र) ओढतो. वाळूवरच्या वळ्या छान उमटतात, पण चित्रभर ठिपक्यांच्या तिरक्या रेघा जातात. तळाशी पडलेल्या दोराच्या सावलीवरूनही, आणि आम्हाला नेमकी तीच सावली हवी असते.

इंजिन बंद करून बोट वाहू दिली, रेघा तशाच. खोली मोजणारा २०० किलोहर्ट्झचा इको साउंडर बंद केला आणि रेघा गायब! म्हणजे त्याचेच पिंग (ध्वनीचे छोटे स्पंद), बहुधा ४०० किलोहर्ट्झचा हार्मोनिक (मूळ वारंवारतेची दुप्पट), आमच्या रिसीव्हरमध्ये शिरतात. दोन्हींचा पिंगचा वेग थोडा वेगळा, म्हणून दर ओळीला ठिपका सरकत जातो. पण खोली कळल्याशिवाय टोफिश (बोटीमागे पाण्यात ओढला जाणारा सोनारचा भाग) खाली सोडायची छाती होत नाही, साउंडर चालू हवाच.

७५ मीटर रेंजला प्रतिध्वनी परत यायला साधारण ०.१ सेकंद लागतो. एका यंत्राच्या ट्रिगरवर (पिंग सोडायच्या इशाऱ्यावर) दुसरं चालवून दोघांना आळीपाळीने पिंग करायला कुणी लावलंय का? वायरिंग कशी केली? मीडियन फिल्टर (प्रत्येक बिंदूच्या जागी शेजारच्या बिंदूंचं मधलं मूल्य ठेवणारा) लावून पाहिला; रेघा गेल्या, पण दोरही पुसला गेला. दोर शाबूत ठेवून फक्त ठिपके काढणारी एखादी पद्धत माहीत असेल तर कृपया सविस्तर सांगा.