जुना मीडिया प्लेयर नवीन हार्ड डिस्क ओळखत नाही, फॉरमॅट करायचं का विचारतोय

चांदणवेल

नमस्कार मंडळी, मदत हवीय. आमच्याकडे टीव्हीला जोडलेला मीडिया प्लेयर आहे, दहा-अकरा वर्षं जुना पण ठणठणीत चालतो आणि आईला त्याचा रिमोट पाठ झालाय म्हणून बदलावासा वाटत नाही. आत्तापर्यंत त्याला ५०० जीबीची पोर्टेबल डिस्क लावलेली होती, ती भरली म्हणून ४ टीबीची नवीन घेतली, सगळं तिच्यावर कॉपी केलं आणि लावली तर प्लेयर काही केल्या तिला ओळखेना. डिस्कचा दिवा लागतो, पाच-सहा सेकंद लुकलुकतो आणि मग स्क्रीनवर मेसेज येतो की डिव्हाइस वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का, हो किंवा नाही. लॅपटॉपला लावली की तीच डिस्क लगेच उघडते, सगळ्या फाइल दिसतात. आणि जुनी ५०० वाली त्याच पोर्टला लावली की लगेच दिसते, म्हणजे पोर्ट गेलेला नाही.

यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांनी हँडीकॅमवर शूट केलेल्या २२ टेप, वर्षभर एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्यात. बाबा आता नाहीत. उतरवून झाल्यावर दोन टेप कॅमेऱ्यात अडकून तुटल्या, त्यामुळे त्यांचं जे काही आहे ते फक्त या डिस्कवर आहे. काल आई त्या मेसेजवर 'हो' दाबणारच होती, मी आतून धावत आले म्हणून वाचलं. काय करू?

खटपट्या

आधी ती डिस्क प्लेयरपासून काढून ठेवा आणि दुसऱ्या कुठल्याही डिस्कवर त्या टेपची कॉपी काढा, बाकी सगळं नंतर. एकाच जागी असलेली फाइल म्हणजे नसल्यासारखीच धरायची.

आता कारणं. अशा वेळी तीनच ठिकाणी गाडी अडते: करंट पुरत नाही, पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत त्याची नोंद) प्लेयरला कळत नाही, किंवा फाइल सिस्टम (त्या भागात फाइल मांडून ठेवायची पद्धत) कळत नाही. तर दोन गोष्टी बघून सांगा. एक, डिस्क कानाजवळ धरा, सलग घरघर येतेय की मधेच टक-टक होऊन परत पहिल्यापासून सुरू होतेय? दोन, लॅपटॉपवर विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडा, खालच्या बाजूला डावीकडे डिस्क १ असं काहीतरी लिहिलेलं असेल त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स टॅब, तिथे पार्टिशन स्टाइल समोर जीपीटी आहे की एमबीआर (पार्टिशन टेबलची नवी आणि जुनी पद्धत) ते बघा. आणि फाइल सिस्टम एनटीएफएस आहे की एक्सफॅट तेही. नुसतं बघा, तिथे काही बदलू नका.

रातराणी_७

माझ्याकडे अस्संच झालं होतं, मी सरळ प्लेयरलाच फॉरमॅट करू दिलं आणि मग फाइल परत कॉपी केल्या, चाललं की. एवढा विचार कशाला, बॅकअप असला की झालं.

खटपट्या

@रातराणी_७ तुमचं चाललं ते चांगलंच, पण इथे तो सल्ला नको. प्लेयर स्वतः फॉरमॅट करतो तेव्हा कशात करेल ते तो सांगत नाही. फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टममध्ये केलं तर ४ जीबीच्या वरची एकही फाइल त्यावर चढणार नाही, आणि हँडीकॅमच्या टेप जशाच्या तशा उतरवल्या असतील तर तासाला साधारण १३ जीबी होतात, म्हणजे ताईंची एकही अख्खी टेप बसायची नाही. आणि लिनक्सवाल्या ईएक्सटी मध्ये केलं तर विंडोज लॅपटॉपवर ती डिस्क थेट उघडणारच नाही, मग फाइल परत कॉपी कशा करणार.

वायरमन_काका

मला विचाराल तर करंटचा प्रॉब्लेम वाटतोय. जुन्या प्लेयरचे पोर्ट यूएसबी २ चे असतात, त्यातून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतो, यूएसबी ३ ला ९००. छोट्या अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती सगळा करंट त्या वायरीतूनच ओढते आणि थाळी फिरायला सुरुवात करताना सगळ्यात जास्त ओढते. लॅपटॉपवर चालते कारण तिथे ३ चा पोर्ट असेल. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे लावून बघा, आणि वायर आखूड वापरा, लांब वायरीत व्होल्टेज पडतं. मागचा आणि पुढचा पोर्ट दोन्ही बघा.

चांदणवेल

सगळ्यांचे आभार. पहिलं काम बॅकअपचं केलं, भावाकडे रिकामी डिस्क होती तिच्यावर सगळं कॉपी केलं, १.३ टीबी भरलं, पावणेचार तास लागले. कॉपी झाल्यावर चार-पाच टेप मधूनमधून चालवूनही बघितल्या.

काका, अडॅप्टरवाला हब लावला, दोन्ही पोर्ट बघितले, काही फरक नाही. आवाज सलग आहे, टक-टक अजिबात नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी लिहिलंय आणि फाइल सिस्टम एक्सफॅट. जुन्या ५०० वालीवर बघितलं तर एमबीआर आणि एनटीएफएस.

खटपट्या

मग सापडलंच म्हणा. करंट बाद. आता संशयित दोन, कारण जुनी आणि नवी डिस्क दोन्ही बाबतीत वेगळ्या आहेत, आणि दोन्ही एकदम बदलले तर नेमकं कुठलं होतं ते कळणार नाही. एक रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, एकदा एक्सफॅट करून एक गाणं टाकून प्लेयरला लावा, मग तोच एनटीएफएस करून लावा. पेन ड्राइव्हवर बहुतेक एमबीआरच असतं, त्यामुळे फाइल सिस्टमचा निकाल वेगळा लागेल आणि तुमच्या डिस्कला हातही लावायला नको.

एक्सफॅटबद्दल सांगायचं तर ते आलं २००६ मध्ये, पण मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील सगळ्यांसाठी खुला केला तो २०१९ मध्ये. त्याच्या आधी ते वापरायचं तर लायसन्स घ्यावं लागायचं, त्यामुळे बऱ्याच स्वस्त प्लेयरमध्ये ते टाकलेलंच नसतं. प्लेयर बिघडलेला नाही हो, त्याला ती भाषा कुणी शिकवलीच नाही.

चांदणवेल

पेन ड्राइव्ह एक्सफॅट केला तर तोच मेसेज, फॉरमॅट करायचं का. एनटीएफएस केला तर लगेच दिसला आणि गाणं वाजलं! मग भावाकडची कॉपी परत एकदा तपासून नवीन डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली (क्विकवालं), दोन फाइल टाकल्या, लावली... आणि तरीही नाही. आता तर फॉरमॅटचा मेसेजपण येत नाही, नुसतं 'डिव्हाइस नाही' म्हणतो. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू, आई शेजारी बसून बघत होती.

निळी_छत्री

नका वाईट वाटून घेऊ, अर्धं काम झालंय. आता राहिलं जीपीटी. एमबीआर ही जुनी पद्धत, त्यात सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचा) नंबर लिहायला ३२ बिटच जागा असते, सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर हिशोब २ टीबीपर्यंत येऊन थांबतो. म्हणून त्याच्या वरच्या डिस्क सहसा जीपीटी करून येतात. जुन्या प्लेयरला एकतर जीपीटी वाचता येत नाही, नाहीतर तो फक्त पहिलं पार्टिशन बघतो आणि विंडोजने जीपीटी करताना पहिलं छोटंसं लपवलेलं पार्टिशन ठेवलेलं असतं, ते त्याच्या हाती लागतं आणि त्यात काहीच नसतं. मॅकवर तयार केलेल्या डिस्कवरही सुरुवातीला २०० एमबीचं असंच एक असतं.

तुमचं भरलंय १.३ टीबी, म्हणजे एमबीआर करून २ टीबी वापरता येतील, उरलेली जागा या प्लेयरपुरती वाया जाईल पण नंतर नवीन प्लेयर आला की परत जीपीटी करून सगळी मिळेल. करायचं असं: डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन डिलीट करा, मग डावीकडे डिस्कच्या नावावर राइट क्लिक केलं की 'कन्व्हर्ट टू एमबीआर' येईल, पार्टिशन असेपर्यंत ते करता येत नाही. लपवलेलं पार्टिशन तिथून डिलीट होत नसेल तर विंडोजमधल्या डिस्कपार्टची क्लीन कमांड लागते, पण ती काही न विचारता डिस्क पुसून टाकते, तेव्हा आकार बघून डिस्कचा नंबर दोनदा वाचा आणि भावाची डिस्क तेव्हा जोडलेलीच ठेवू नका.

वायरमन_काका

माझा अंदाज चुकला पण बरं झालं तुम्ही हब लावून बघितलंत, ती शंका गेली. हब राहू द्या तसाच, डिस्कला बरं. आणि प्लेयर बंद करायच्या आधी मेनूतून डिस्क इजेक्ट करायची सवय आईंनाही लावा, चालू असताना वायर ओढली की एनटीएफएसवर खूण राहते की नीट बंद झाली नाही, आणि काही प्लेयर मग लॅपटॉपवर दुरुस्ती केल्याशिवाय ती उघडत नाहीत.

शांत_संध्याकाळ

यात माझापण प्रश्न घुसवतो, माझ्याकडे मॅक आहे, एनटीएफएस केलेल्या डिस्कवर मला काही कॉपीच करता येत नाही, असं का?

निळी_छत्री

@शांत_संध्याकाळ मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, लिहीत नाही. प्लेयर एक्सफॅट घेत असेल तर तेच वापरा, दोन्हीकडे चालतं, फक्त मॅकच्या डिस्क युटिलिटीत फॉरमॅट करताना स्कीम मास्टर बूट रेकॉर्ड (म्हणजेच एमबीआर) निवडा.

चांदणवेल

चाललं!!! एमबीआर केलं, एनटीएफएस केलं, लावल्या लावल्या फोल्डरची यादी आली. लपवलेलं पार्टिशन डिलीट होईना म्हणून डिस्कपार्टच वापरावं लागलं, नंबर चार वेळा वाचला. रात्रभर कॉपी लावून ठेवली.

आता एकच अडलंय, फोटो आणि सिनेमे चालतात पण बाबांच्या टेपवर क्लिक केलं की 'फाइल सपोर्ट होत नाही'. त्या सगळ्या एव्हीआय आहेत. लॅपटॉपवर चालतात.

खटपट्या

अभिनंदन! टेपचं आता डिस्कशी काही देणंघेणं नाही. एव्हीआय हे नुसतं पाकीट आहे, आतला व्हिडिओ डीव्ही नावाच्या पद्धतीत आहे, ती कॅमेऱ्यांची, ती वाचायची सोय घरगुती प्लेयरमध्ये सहसा नसते. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, एच.२६४ (बहुतेक प्लेयरना कळणारी व्हिडिओची पद्धत) मध्ये एमपी४ बनवा, क्वालिटी १८ ते २० च्या मधे ठेवा (आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी) आणि डीइंटरलेस चालू करा, नाहीतर कुणी हललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. एका टेपची आधी दोन मिनिटंच करून टीव्हीवर बघा, आवडलं की रांगेत सगळ्या लावून द्या. आणि मूळ एव्हीआय अजिबात डिलीट करू नका, त्या भावाच्या डिस्कवर तशाच ठेवा, एमपी४ ही फक्त बघायची कॉपी.

चांदणवेल

पहिल्या चार झाल्या आणि आज दुपारी आईने लावल्या. बाबा कॅमेऱ्यामागे असल्यामुळे दिसत कधीच नाहीत, पण दर थोड्या वेळाने "इकडे बघ, इकडे बघ" असा आवाज येतो आणि मग लेन्सवर बोटाची सावली. आईने तेवढाच तुकडा तीनदा मागे नेऊन लावला, रिमोट पाठ आहे ना.

बाकीच्या रात्रीतून होतील. फोल्डरची नावं मी मराठीत दिली होती, प्लेयर त्यांचे नुसते चौकोन दाखवतोय, आणि १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लावतोय. त्याला काही उपाय?

निळी_छत्री

फॉन्ट नसतो त्याच्यात, नावं इंग्रजी अक्षरांत द्या, आणि आकडे ०१, ०२ असे दोन अंकी. तारीख माहीत असेल तर नावात आधी वर्ष मग महिना लिहा, आपोआप क्रमाने लागतील.