सोसायटी म्हणते कुत्रा सात दिवसांत हलवा. असं सांगता येतं का? तातडीने मदत हवी आहे

रेवा_के
नमस्कार. आज सकाळी सेक्रेटरींनी दारात नोटीस आणून दिली, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. मजकूर असा: "आपल्या पाळीव कुत्र्यामुळे रहिवाशांच्या जीवितास धोका निर्माण झाला असल्याने सदर कुत्रा सात दिवसांच्या आत इमारतीबाहेर हलवावा, अन्यथा प्रतिदिन दंड आकारण्यात येईल. तोपर्यंत कुत्र्यासाठी लिफ्टचा वापर करू नये." आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. कुत्रा लॅब्रॅडॉर आहे, सहा वर्षांचा. कुत्रा पाळण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही असं वाचलंय. ते नक्की कुठे लिहिलंय तेवढं सांगा. उद्या उत्तर द्यायचंय. कृपया "समजुतीने घ्या" हा सल्ला नको, कायदा सांगा.

जुना_सभासद
फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा? नोटीस कोणाच्या नावाने आहे? आणि मुख्य म्हणजे काय घडलं? मी बरीच वर्षं कमिटीत काढली आहेत, "जीवितास धोका" हे शब्द नुसत्या भुंकण्यावर कोणी लिहीत नाही.

पंजा
रेवा, अजिबात घाबरू नका. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक आहे. पाळीव कुत्र्यांवर सोसायटी बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट बंद करता येत नाही, तोंडाला जाळी लावाच अशी सक्ती करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये असे बंदीचे नियम बेकायदा ठरवलेत. राज्यघटनेचं कलम ५१-क(छ) आहेच, प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे आपलं मूलभूत कर्तव्य. प्रिंट काढा, सेक्रेटरीच्या हातात द्या, विषय संपला.

कोर्टाची_पायरी
विषय संपत नाही. बोर्ड ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची संस्था आहे, त्यांच्या शब्दाला वजन आहे. पण ते परिपत्रक म्हणजे मार्गदर्शक सूचना, अधिनियम नव्हे. केरळचा निकाल महाराष्ट्रात दाखवता येतो, इथल्या न्यायालयावर तो बंधनकारक नाही. तरी सरसकट बंदीच्या विरोधात तुमची बाजू भक्कम आहे हे खरं. फक्त त्याच परिपत्रकात मालकांसाठीही आहे: सार्वजनिक जागेत पट्टा हवा, घाण उचला. ते अर्धं पान सहसा कोणी छापून नेत नाही.
जुना_सभासद यांच्या प्रश्नांची उत्तरं आधी द्या.

रेवा_के
फ्लॅट भाड्याचा आहे, लीव्ह अँड लायसन्स. नोटीस माझ्या नावाने आहे. परवा लिफ्टच्या दारात शेजारच्या काकूंच्या हाताला त्याचा दात लागला. दार उघडलं, त्या पिशव्या घेऊन एकदम बाहेर आल्या आणि तो दचकला. पट्टा माझ्या हातात होता. पण माझा प्रश्न नोटिशीबद्दल आहे.

डॉ_खेडेकर_नव्हे
"दात लागला" म्हणजे? कातडी फाटली का? रक्त आलं का? जखम धुतली का? काकूंनी रेबीजची लस सुरू केली का? कुत्र्याची शेवटची लस कधी झाली? ही उत्तरं नोटिशीच्या आधी हवीत. मी डॉक्टर आहे म्हणून विचारतोय.

हिरवा_चहा
आमच्याकडे कुत्रा चावला की लगेच हळद आणि चुना भरायचे. काही होत नाही. घरचा कुत्रा आहे, पिसाळलेला थोडाच.

डॉ_खेडेकर_नव्हे
हिरवा_चहा, कृपया असं लिहू नका, कोणीतरी वाचून करेल. हळद, चुना, तिखट, काहीही भरायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हाच पहिला उपचार. कातडी फाटून रक्त आलं असेल तर ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची जखम. लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. दंडातली लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून कुत्र्याला लस दिलेली असली तरी थांबून बघायचं नसतं.

सह्याद्रीवारा
+१. रेवाताई, काकूंच्या औषधपाण्याचं आधी बघा.

कडक_माणूस
पाळणाऱ्यांना काही वाटतच नाही. हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय, दाताच्या प्रत्येक खुणेला दहा हजार रुपये भरपाई. काकूंनी तेवढे मागावेत. शिवाय पोलिसात तक्रार. आमच्या मजल्यावरचा कुत्रा रात्रभर केकाटतो, लहान मुलं झोपत नाहीत, आणि मालक वर आम्हालाच प्रेम शिकवतात.

कोर्टाची_पायरी
दाताच्या खुणेला दहा हजार हा पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाचा निकाल. तो रस्त्यावरच्या मोकाट जनावरांबद्दल आहे आणि भरपाईची प्राथमिक जबाबदारी तिथे सरकारवर टाकली आहे. पाळीव कुत्र्याच्या मालकाला तो दर लावता येत नाही.
मालकाला लागू होतं ते भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असेल तो टाळण्याइतकी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हे कलम २८९ होतं, दंड एक हजार. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला नवं कलम. उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई दिवाणी दाव्यात वेगळी मागता येते.

पंजा
पट्टा हातात होता, कसला निष्काळजीपणा? उलट सोसायटीविरुद्धच छळाची तक्रार करा. आधी जो ठाण्यात जातो त्याची बाजू वरचढ होते. मी आमच्या सोसायटीला असंच गप्प केलं.

कोर्टाची_पायरी
पट्टा हातात असणं चांगलंच, पण तेवढ्यावर सुटका नाही. किती लांब सोडला होता, लिफ्टच्या दारात आवरून धरला होता का, पूर्वी कोणावर धावून गेला होता का, हे सगळं विचारलं जातं. मुंबईतल्या एका प्रकरणात २०१० च्या चाव्याबद्दल २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली गेली. इतकी वर्षं तारखा कोणाला हव्यात? आणि काकूंच्या हाताला बँडेज असताना तुम्ही उलटी तक्रार घेऊन ठाण्यात गेलात, तर तिथला हवालदार आधी त्या हाताकडे बघणार.

माऊ_दोन
चावऱ्या जातींवर सरकारने बंदी घातली होती ना? लॅब त्यात येतो का?

सह्याद्रीवारा
माऊ_दोन, मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींबाबत पत्र काढलं होतं, रॉटवायलर, पिटबुल वगैरे. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते एप्रिलमध्येच रद्द केलं. लॅब त्यात नव्हताच.

रेवा_के
कातडी फाटली, रक्त आलं. नळाखाली हात मीच धरला आणि धुतला. काकूंनी त्याच संध्याकाळी दवाखान्यात पहिलं इंजेक्शन घेतलं, बिल मी दिलं. कुत्र्याचं कार्ड माझ्याकडे आहे, लशीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही आहे, वार्षिक लस चालू आहे.
पण आता घरमालकांचा फोन आला. म्हणाले, करारात प्राण्यांना परवानगी नाही, घर सोडा नाहीतर डिपॉझिट विसरा. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांनी व्हॉट्सअॅपवर "हरकत नाही" लिहिलं होतं. नवरा म्हणतोय वाद नको, उद्याच कुत्र्याला गावी दिराकडे पाठवून देऊ.

डॉ_खेडेकर_नव्हे
थांबा! कुत्र्याला गावी पाठवू नका, निदान आत्ता तरी नाही. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा असतो. तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं, आणि काकूंचे पुढचे डोस कसे द्यायचे ते त्यांचे डॉक्टर ठरवू शकतात. कुत्रा नजरेआड झाला तर त्या माउलीच्या डोक्यावर टांगती तलवार. सोसायटीची सात दिवसांची मुदत म्हणजे नेमका उलटा उपाय आहे, आणि त्याचा तोटा सर्वांत जास्त काकूंना. तुमच्या पशुवैद्याकडून "कुत्रा निरीक्षणाखाली आहे" असं लेखी घ्या आणि नोटिशीच्या उत्तराला जोडा.

जुना_सभासद
हे मात्र कोणत्याही कमिटीला पटेल. आता सोसायटीचं सांगतो. सोसायटीचा संबंध सभासदाशी, म्हणजे तुमच्या घरमालकाशी. भाडेकरूवर "प्रतिदिन दंड" लावायला उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, तरतूद लागते, सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, सभासदाचं म्हणणं ऐकावं लागतं. सेक्रेटरीने एकट्याने लेटरहेडवर लिहिलं म्हणून दंड होत नाही. विचारा, कोणत्या सभेचा ठराव, तारीख काय, उपविधी क्रमांक कोणता. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करायची झाली तर तीही घरमालकांनी करायची, म्हणून त्यांना दुखवू नका.

कोर्टाची_पायरी
घरमालकाचं वेगळं आहे हे लक्षात घ्या. सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही म्हणून मालकाला "माझ्या घरात प्राणी नको" असं करारात लिहिता येत नाही, असा अर्थ होत नाही. लिहिता येतं, आणि सही केली की ते पाळावं लागतं. तुमच्या करारात नेमके शब्द काय आहेत? "परवानगी नाही" की "लेखी परवानगीशिवाय नाही"?

रेवा_के
"मालकाच्या पूर्वलेखी संमतीशिवाय पाळीव प्राणी ठेवू नयेत." आणि खाली "शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन करू नये." मुदत संपायला पाच महिने आहेत, नोटीस पीरियड एक महिना.

कोर्टाची_पायरी
मग ते व्हॉट्सअॅप तुमच्या कामाचं आहे. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको. फोनही बदलू नका. कुत्र्याचा फोटो किंवा उल्लेख त्याच संभाषणात असेल तर आणखी बरं. उपद्रवाच्या कलमावर ते बोलू शकतात, तिथे काकूंशी तुम्ही कसं वागलात ते मोजलं जाईल. करार संपवायचाच असेल तर त्यांना लेखी एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल. कुलूप बदलून बाहेर काढता येत नाही, आणि डिपॉझिट फोनवर जप्त होत नाही. मात्र मुदत संपल्यावर अडून बसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातील आणि तिथे दुप्पट दराने नुकसानभरपाई बसते.

कडक_माणूस
म्हणजे चावला तरी कुत्रा राहणार, आणि म्हातारी बाई पाच सुया टोचून घेणार. तिचं कोण बघणार? तोंडाला जाळी लावायला काय जातं?

पंजा
जाळीची सक्ती करता येत नाही, वर लिहिलंय.

डॉ_खेडेकर_नव्हे
सक्ती करता येत नाही म्हणून स्वतःहून लावू नये असं कुठे लिहिलंय? एकदा चावलेल्या कुत्र्याला जिन्यात, लिफ्टमध्ये काही महिने जाळी लावली तर त्याचं काहीच बिघडत नाही. जाळीदार, तोंड उघडता येईल अशी, म्हणजे त्याला धापता येतं. मालकाने आपणहून घेतलेली ही काळजी कलम २९१ च्या बाबतीतही तुमच्याच बाजूने बोलेल. कडक_माणूस यांच्या रागात तथ्य आहे, काकूंनी हे ओढवून घेतलेलं नाही.

सुप्रभात_मंडळी
आमच्या कोपऱ्यावर भटकी सहा-सात कुत्री आहेत, त्यांचं काय करायचं? सुप्रीम कोर्टाने सगळी उचला म्हणून सांगितलं ना?

सह्याद्रीवारा
सुप्रभात_मंडळी, तो विषय वेगळा. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली परिसरासाठी होता आणि २२ ऑगस्टला बदलला. नसबंदी, लसीकरण करून त्याच भागात परत सोडायचं, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. यावर वेगळा धागा काढा, इथे रेवाताईंना उत्तर द्यायचंय.

रेवा_के
आज दुपारी काकूंकडे गेले होते. त्यांच्या मुलाने दार उघडलं. चिडलेला होता, पण आत बसवलं. पुढच्या सगळ्या डोसांचा खर्च आम्ही देऊ असं मी तिथेच सांगितलं. तो म्हणाला लिहून द्या. लिहून दिलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल का? नोटिशीचं उत्तर अजून दिलेलं नाही.

पंजा
काही लिहून देऊ नका!

कोर्टाची_पायरी
खर्च देणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, पण शब्द जपून वापरा. "शेजारधर्म म्हणून श्रीमती अमुक यांच्या उपचाराचा खर्च आम्ही उचलत आहोत" एवढंच. चूक, निष्काळजीपणा, जबाबदारी हे शब्द नकोत. पैसे बँकेतून द्या, प्रत्येक बिलाची प्रत ठेवा. पेट इन्शुरन्स असेल तर पॉलिसी काढून बघा, काहींमध्ये तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचं संरक्षण असतं, पण कळवायची मुदत कमी असते. पालिकेकडची नोंदणी झाली आहे का?

रेवा_के
इन्शुरन्स नाही. पालिकेचा परवाना आहे, नूतनीकरण पुढच्या महिन्यात.

जुना_सभासद
मग ते आत्ताच करून घ्या, कमिटी हेच पहिलं मागते. उत्तर छोटं ठेवा. परवान्याची आणि लसीकरणाची प्रत, पशुवैद्याचं निरीक्षणाचं पत्र, जाळी लावून लहान पट्ट्याने नेऊ हे लेखी, उपचाराचा खर्च देतोय हे एका ओळीत, आणि ठरावाची तारीख व उपविधी क्रमांक कळवावा ही विनंती. कायद्याच्या धमक्या पहिल्याच पत्रात नकोत. घरमालकांना प्रत पाठवा. पोच घेतल्याशिवाय पत्र देऊ नका, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि तारीख.

रेवा_के
पशुवैद्यांनी पत्र दिलं, पुढच्या तपासणीची तारीखही त्यावर घातली आहे. नवऱ्याने दिराला फोन करून नको कळवलं. मसुदा रात्री इथे टाकते, नावं काढून. कोर्टाची_पायरी, जमलं तर एकदा नजर टाका.

कोर्टाची_पायरी
टाका. कराराचं उपद्रवाचं कलमही शब्दशः टाका, घरमालकांना वेगळं पत्र लागेल.