मदत हवी आहे: १२ दिवसांत चार पद्धतींचं एनडीटी (वस्तू न तोडता दोष तपासणं) लेव्हल टू, घ्यावं की नाही?

वरोऱ्याकडला:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारून राहिलो. मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. सध्या थर्मल पॉवर स्टेशनच्या शटडाऊनमध्ये ठेकेदाराकडे हेल्पर आहे, डी-मीटरनं (ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र) ट्यूबची जाडी घेणाऱ्या टीमसोबत. एक इन्स्टिट्यूट म्हणते की १२ दिवसांत यूटी (अल्ट्रासोनिक), आरटी (रेडिओग्राफी), एमटी (चुंबकीय), पीटी (पेनिट्रंट) चारही पद्धतींचं 'एएसएनटी लेव्हल टू' देतो. हे सर्टिफिकेट चालते का? आणि आयएसओ ९७१२ वेगळं काय असते?

बीम_इंडेक्स:
आधी हिशेब करा. एसएनटी-टीसी-१ए ही एएसएनटी या अमेरिकी एनडीटी संस्थेची तपासनिसांच्या पात्रतेबद्दलची शिफारस. लेव्हल वन न करता थेट लेव्हल टू घ्यायचं तर दोन्ही लेव्हलचे तास जोडून धरतात. प्रशिक्षण पीटीला १२ तास, एमटीला २०, यूटीला ८०, आरटीला ८०. एकूण १९२. रोज ८ तास शिकवलं तरी २४ दिवस लागतात, मग १२ दिवसांत चारही कसे बसवतात ते त्यांनाच विचारा.

शिवाय हे फक्त वर्गातले तास झाले. थेट लेव्हल टूसाठी यूटीत प्रत्यक्ष कामाचे ८४० तास आणि एकूण एनडीटीत १६०० तास लागतात. पीटीला २१० आणि ४००. एकाच काळात दोन पद्धतींवर काम करता येतं, पण पीटीत घातलेला तास यूटीच्या ८४० मध्ये धरता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. एसएनटी-टीसी-१ए खाली लेव्हल टूचं सर्टिफिकेट एएसएनटी देत नाही, इन्स्टिट्यूटही देत नाही. ते देतो कामावर ठेवणारा मालक, स्वतःच्या रिटन प्रॅक्टिसनुसार (कंपनीची लेखी कार्यपद्धती). इन्स्टिट्यूटच्या कागदाचा अर्थ एवढाच की प्रशिक्षण झालं आणि परीक्षा पास झाली. दारावर 'एएसएनटी लेव्हल टू' अशी पाटी दिसली की तिथेच सावध व्हावं. नोकरी बदलली की जुन्या मालकाचं सर्टिफिकेट संपतं, नव्या मालकाला पुन्हा द्यावं लागतं.

आयएसओ ९७१२ मध्ये परीक्षा आणि सर्टिफिकेट स्वतंत्र संस्थेकडून असतं, ते माणसासोबत जातं आणि ५ वर्षं चालतं. वर्षाला डोळे तपासावे लागतात आणि कामात मोठा खंड पडला तर ते रद्द होऊ शकतं. तरीही साइटवर काम करण्याचा लेखी अधिकार मालकालाच द्यावा लागतो, हे बरेच जण विसरतात. आपल्याकडे आयएसएनटी ही संस्था, मुख्यालय चेन्नईला, आयएस १३८०५ या भारतीय मानकानुसार परीक्षा घेते. टेंडरमध्ये कोणतं मागितलंय ते आधी बघा, मग पैसे भरा.

चांद्यावाला:
पोट्ट्याले पयले पीटी अन् एमटी करू द्या, मंग यूटी. पीटी सोपं वाटते, पण प्रॅक्टिकलले लोक त्यातच आपटतात. चूक ठरलेली: पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंगद्रव) मारलं, थांबले, अन् रिमूव्हरचा कॅन थेट जॉबवर फुसकन मारला. चिरेतलं पेनिट्रंटच धुवून निघते, मंग डेव्हलपर (चिरेतला रंग वर ओढणारा थर) मारून काय दिसन? आधी कोरड्या फडक्यानं पुसाचं, मंग रिमूव्हर फडक्याले लावून पुसाचं, अन् पुन्हा कोरडं फडकं. वेल्डवर पेनिट्रंट कमीत कमी ५ मिनिटं, घडीव मालावर १०. डेव्हलपर वाळल्यापासून १० मिनिटं थांबून ६० मिनिटांच्या आत निकाल. हे एएसएमई या अमेरिकी कोडच्या सेक्शन फाइव्हचे आकडे.

अन् हे कोणी शिकवत नाई: जॉबचं तापमान ५ ते ५२ डिग्री पाहिजे. आपल्या इकडं मे महिन्यात हवा ४५ असली, तरी उन्हात पडलेलं लोखंड ५२ च्या वर सहज जाते. सावली करा नाई तं पहाटे टेस्ट घ्या, अन् मोजलेलं तापमान रिपोर्टात लिहा.

एमटीत योकची (दोन पायांचं हातातलं विद्युतचुंबक) ताकद तपासा: एसी योकनं ४.५ किलो उचललं पाहिजे, डीसीनं १८ किलो. अन् वेल्डवर एकाच दिशेनं योक लावून झालं म्हणू नका. चुंबकरेषांच्या समांतर असलेली चीर दिसतच नाई, म्हणून दुसरी फेरी काटकोनात. ऑस्टेनिटिक (चुंबकाले न चिकटणाऱ्या) स्टेनलेसवर एमटी चालतच नाई, तिथं पीटीच.

बीम_इंडेक्स:
डी-मीटरचं काम म्हणजे यूटी लेव्हल टू नव्हे. फक्त जाडी मोजण्यापुरतं मर्यादित सर्टिफिकेट मालक देऊ शकतो, भावाला सध्या तेच मागायला सांगा. वेल्डचं यूटी वेगळं आहे. १२ मिमी प्लेट, ७० डिग्रीचा प्रोब. हाफ स्किपचं (बीम तळाला लागेपर्यंत) पृष्ठभागावरचं अंतर १२ गुणिले टॅन ७०, साधारण ३३ मिमी. फुल स्किप (तळावरून उलटून पुन्हा वर येईपर्यंत) ६६. बीम पाथ (बीमचा तिरपा प्रवास) हाफ स्किपला ३५ मिमी. हा हिशेब न करता प्रोब सरकवणारे वेल्डच्या वरच्या भागापर्यंत बीम पोचवतच नाहीत. त्याच्या आधी व्ही-वन ब्लॉकच्या (तपासणीचा प्रमाण ठोकळा) १०० मिमी त्रिज्येवर इंडेक्स पॉइंट (प्रोबमधून बीम बाहेर पडतो ती जागा) तपासायचा. घासून गेलेल्या प्रोबचा इंडेक्स आणि कोन दोन्ही सरकतात, दोषाची जागा चुकते आणि वेल्डर चांगला भाग खोदून बसतो.

कॅसेटवाला:
आरटीबद्दल एक. लेव्हल टू झालं म्हणून इरिडियमचा कॅमेरा (किरणोत्सर्गी सोर्स असलेलं यंत्र) हाताळता येत नाही. त्यासाठी एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियमांप्रमाणे रेडिएशन सेफ्टीचं वेगळं प्रशिक्षण, टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) आणि वय १८ पूर्ण लागतं. इन्स्टिट्यूट 'आरटीही देतो' म्हणत असेल तर प्रशिक्षण फिल्म वाचण्याचं आहे की सोर्स चालवण्याचं, ते लेखी घ्या.

वरोऱ्याकडला:
सगळ्यांचे आभार, चारही एकदम घेणं रद्द. एकच अडचण: ठेकेदार अनुभवाचं पत्र द्यायला टाळाटाळ करून राहिला. शटडाऊन संपला की टीम पांगते.

बीम_इंडेक्स:
मग पत्राची वाट पाहू नका, आजपासून वही ठेवायला सांगा. रोजची तारीख, युनिट, ट्यूब किंवा जॉइंट नंबर, पद्धत, किती तास, उपकरणाचा सिरियल नंबर. दर संध्याकाळी त्या टीमच्या लेव्हल टूची सही, त्याच्या सर्टिफिकेट नंबरसह. पंधरवड्यानं गोळा करू म्हटलं की सही करणारा दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. ठेकेदाराचा शिक्का मिळाला तर उत्तम, नाही तर गेट पासच्या झेरॉक्स वहीला लावा, तारखा जुळतात. आणि लेव्हल टूच्या हाताखाली केलेलं कामच मोजलं जातं, नुसतं कपलंट (प्रोबखाली लावायची जेल) लावून दिलेल्या दिवसांचे तास भरू नका. परीक्षक पहिलाच प्रश्न तिथून काढतात.