मदत हवी आहे: आबांच्या आठवणीत भरीत पार्टी आणि बेसबॉल

राम राम मंडळी. आमचे आबा यावल तालुक्यातले, शाळेत पीटीचे सर. बेसबॉलचं त्यांना भारी वेड. थंडी पडली की सगळं खटलं शेतात जमवून भरीत मात्र स्वतःच करायचे. त्यांना जाऊन वर्ष होतंय. वर्षश्राद्ध रीतसर होईलच, पण त्या दिवशी कांदा-लसूण चालत नाही, म्हणून डिसेंबरात वेगळी भरीत पार्टी ठेवतोय.

आबा बामणोदची हिरवी वांगी तुरकाठ्यांवर भाजत. देठ धरून गरमगरमच सोलत, मग लाकडी बडगीत भाजलेल्या मिरच्या, लसूण घालून ठेचत. मिक्सरचं नाव काढलेलं चालायचं नाही. ती बडगी आता तडकली आहे. जळगाव-भुसावळकडे नवी कोण करून देतं? ६० माणसांना वांगी किती किलो लागतील? सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या आहेत.

दुसरं, नातवंडांना तिथेच बेसबॉल खेळवायचाय. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमध्ये (धावताना गाठायच्या टप्प्यांमध्ये) ९० फूट अंतर असतं. ८-१० वर्षांच्या मुलांसाठी किती ठेवू? चेंडू कोणता घेऊ? कुणी शिकवत असाल तर नक्की सांगा, आबांची पोरं नीट खेळली पाहिजेत.