कुर्डी-नेत्रावळी सहल: मे की जुलै? बसवाल्याला आज सांगायचंय

प्रेषक: सेक्रेटरी

मंडळी, बसवाल्याचे सकाळपासून दोन फोन येऊन गेलेत. त्याला आज संध्याकाळपर्यंत तारीख आणि ॲडव्हान्स हवाय, नाहीतर तो गाडी लग्नाला देणार, मे महिना आहे, त्याचंही बरोबर आहे. मागच्या मीटिंगला मेचा शेवटचा शनिवार ठरलेला, मिनिट्समध्ये आहे. आता मस्कतहून मेल आलाय की जुलै करा. कृपया फक्त एवढंच बोला, मे की जुलै. जेवण, बॅनर, टीशर्ट सगळं नंतर.

प्रेषक: बंड्या, मस्कत

सेक्रेटरीसाहेब, मी एकटा म्हणत नाहीये, इथली सात कुटुंबं म्हणतायत. मुलांची शाळा सुटते जूनमध्ये, मग मेमध्ये आम्ही यायचं कसं? मंडळ इथं सुरू झालं, आज निम्मे सभासद रिटायर होऊन गोव्यात गेले हे चांगलंच आहे, पण सहल ठरवताना आमचाही विचार व्हायला हवा ना. दुसरं म्हणजे मुलांना साळावली धरणाचा सांडवा बघायचाय. तो अर्धगोल सांडवा, पाणी तीन बाजूंनी काठावरून आत कोसळतं, धाकट्याने त्याचा व्हिडिओ इतक्यांदा बघितलाय की त्याने वहीत चित्र काढून ठेवलंय. मेमध्ये तिथं कोरडं काँक्रीट दिसणार. धरण भरून वाहतं ते पावसाळ्यात, म्हणून जुलै.

प्रेषक: पर्वरीचे आप्पा

बंड्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण मी म्हणतो एवढं लांब जायचंच कशाला? विमान मोपाला उतरतं, पार पेडण्याच्या टोकाला, तिथून कुर्डीचा सांगे तालुका म्हणजे गोव्याचं दुसरं टोक. त्यापेक्षा मये बघा. डिचोली तालुका, पर्वरीहून जवळ, चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये तळं, पाणी बारमाही, मे असो की जुलै असो. म्हणजे तारखेचं भांडणच मिटलं. आमच्या सौ.चे गुडघे आणि माझी पाठ, दोघांनाही मये झेपतं. काठावर बसून डबा खाता येतो, मागच्या वर्षी नातवंडांना घेऊन गेलो होतो, संध्याकाळी चार नंतर डोंगराची सावली पाण्यावर येते तेव्हा उठावंसं वाटत नाही.

प्रेषक: वास्कोचे नाना

आप्पा, मये सुंदर आहे, कोण नाही म्हणतंय, पण गेल्या तीन सहली उत्तरेतच झाल्या. एकदा मये, एकदा करमळीचं तळं पक्षी बघायला, एकदा हरवळे. आम्ही दक्षिणेतले दर वेळी पहाटे उठून पणजी गाठतो, कधी तक्रार केली नाही. आता एकदा तुम्ही पहाटे उठा. पाठीसाठी मी माझी फोल्डिंगची खुर्ची आणतो, बसच्या डिकीत मावते.

प्रेषक: पर्वरीचे आप्पा

नाना, हरवळ्याला धबधबा होता, तळं नव्हतं, आणि ती सहल मंडळाची नव्हती, आपण पाच घरंच गेलो होतो. बाकी उठण्याचा प्रश्न नाही, मी रोज साडेचारला उठतो.

प्रेषक: भटकंती विभाग

तीन वर्षं हा कार्यक्रम मी आखतोय, जाऊन रस्ता बघून येतो, म्हणून थोडं सांगतो. जुलैत नेत्रावळीला न्यायची जबाबदारी मी घेणार नाही. सावरीचा धबधबा तेव्हा जोरात असतो हे खरं, पण पावसात वनखातं अभयारण्यातले धबधबे बंद करू शकतं, गेटवरून परत फिरायची वेळ आली तर चाळीस माणसं घेऊन कुठे जाणार? २११ चौरस किलोमीटरचं जंगल आहे ते, रेंज नसते, जळवा असतात. उसगाळीमळच्या कातळचित्रांचंही तेच. कुशावतीच्या अगदी काठाला जांभ्याच्या सपाट खडकावर ती चित्रं कोरलेली आहेत, बैल आहेत, हरणं आहेत, एक चक्रव्यूहासारखी वेटोळी आहे जिच्यावर बोट फिरवत गेलं की आत जाता येतं. १९९३ साली ती जगापुढे आली, तोवर मातीखाली होती. पावसात नदी फुगली की त्या खडकावर पाय ठरत नाही. चंद्रनाथाचा डोंगर मात्र मीच काढून टाकतोय यादीतून. साडेतीनशे मीटर उंची, गाडी बरीच वर जाते पण शेवटी पायऱ्या आहेतच, मेच्या उन्हात ज्येष्ठांना नको. पौर्णिमेच्या रात्री चांदणं पिंडीवर पडलं की तिला पाझर फुटतो असं तिथले सांगतात, तेव्हा ते कधीतरी थंडीत पौर्णिमा बघून वेगळं करू.

प्रेषक: फोंड्याची वहिनी

बुडबुड्यांची तळी आहे ना यादीत? ती काढू नका हं. गोपीनाथाच्या देवळाशी. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा पुजाऱ्यांनी सांगितलं टाळ्या वाजवा, आम्ही वाजवल्या आणि तळातून माळच्या माळ वर आली, अगदी दह्याची कवडी फुटावी तसे बारीक बुडबुडे.

प्रेषक: वास्कोचे नाना

वहिनी, टाळ्यांनी काही होत नाही, तो गॅस आहे, खालून सतत येतच असतो. कुणी मिथेन म्हणतं, कुणी कार्बन डायऑक्साइड.

प्रेषक: फोंड्याची वहिनी

सतत येतो हे मलाही दिसलं, नाना. पण टाळ्यांनंतर जास्त आला हेही दिसलं. माझ्या मुलाने तीनदा करून बघितलं, मध्ये थांबून. तुम्ही या आणि स्वतः वाजवा. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा, खडे टाकायचे नाहीत, चपला वर काढायच्या, पायऱ्या निसरड्या आहेत आणि तळी देवळाची आहे.

प्रेषक: सेक्रेटरी

मे की जुलै. फक्त एवढंच.

प्रेषक: केप्याची माई

मी लिस्टवर सहसा लिहीत नाही, वाचते सगळं. पण कुर्डीचं नाव विषयात आहे आणि एवढ्या मेलमध्ये कुर्डीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

आमचं घर कुर्डीचं. साळावलीचा बांध घातला तेव्हा गाव उठलं, कुणाला वाडे वसाहतीत जागा मिळाली, कुणाला वालकिणीला, आम्ही वाडे वसाहतीत गेलो. मी तेव्हा चौथीत होते. गायिका मोगूबाई कुर्डीकर आमच्या गावच्या, १९०४ चा त्यांचा जन्म, त्यांच्या घराचे अवशेष आजही उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतात आणि लोक ते बघायला येतात. महादेवाचं जुनं दगडी देऊळ तेवढं सरकारने एकेक दगड सुटा करून उचलून बांधाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. बाकी सगळं पाण्यात राहिलं.

एप्रिल सरत आला की पाणी उतरायला लागतं. आधी झाडांचे खुंट दिसतात, मग चिऱ्याच्या भिंतींचे पाये, मग वाट. चिखल वाळून त्याला एवढाल्या भेगा पडतात की लहान मुलाचं पाऊल आत जावं, आणि वर चाललं की खापरं मोडल्यासारखा आवाज येतो. आई माझी ब्याऐंशी वर्षांची आहे. ती विहिरीपाशी जाते, पदर खोचते आणि तिथून पावलं मोजते. सत्तावीस झाली की थांबते, म्हणते हे माजघर, इथं चूल, इथं तुझा पाळणा. दर वर्षी सत्तावीसच. गेल्या वर्षी एकोणतीस झाली, पावलं लहान पडायला लागली म्हणून, तेव्हा ती पुन्हा विहिरीपाशी गेली आणि परत मोजली. मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, कपेलातलं, म्हणजे छोट्या चर्चमधलं, फेस्तही मेमध्येच असतं, दोन्हीकडचे जुने गावकरी येतात, एकमेकांना घराच्या नावाने हाक मारतात. जी घरं आता नाहीत त्यांच्या नावाने.

बंड्या, तुझ्या मुलांना सांडवा बघायचाय हे मला समजतं, तो बघण्यासारखाच आहे. मडगावला नि वास्कोला नळाला जे येतं ते पाणी तिथलंच, त्या पाण्याशी माझं भांडण नाही. पण सांडवा वाहतो तेव्हा कुर्डी पाण्याखाली असते. एका दिवशी दोन्ही दिसत नाही. सहलीला कुर्डीचं नाव द्यायचं असेल तर ती मेमध्येच व्हायला हवी, जुलैत करायची तर नाव बदला, मला वाईट वाटणार नाही.

प्रेषक: वास्कोचे नाना

माई, चाळीस वर्षं वास्कोत राहतो आणि हे मला माहीत नव्हतं. माझं मत मे.

प्रेषक: बंड्या, मस्कत

माई, मला कुर्डी म्हणजे नकाशावरचं एक नाव वाटलं होतं. इथल्या सातही घरांशी बोललो आत्ता. मे करा. आमच्या घरचे आई-बाबा म्हापशाहून येतील, दोघांची नावं घाला, बाबा व्हिडिओ कॉल लावतील रेंज असेल तिथे. आम्ही जुलैत आलो की आपापल्या गाड्या करून सांडव्यावर जाऊ, मंडळाचा खर्च नको. फक्त माई, तुम्ही तेव्हा आमच्याबरोबर या, पोरांना काठावर उभं करून सांगा पाण्याखाली काय आहे ते. चालेल का?

प्रेषक: केप्याची माई

येते की. केप्यावरूनच जाल, मला घरातून उचला.

प्रेषक: भटकंती विभाग

मग क्रम असा. कुर्डी सगळ्यात आधी, सातच्या आत, कारण तिथं सावलीला एक झाड नाही, नऊनंतर उभं राहवत नाही. मग उसगाळीमळ, जेवण कुळागरात म्हणजे सुपारीच्या बागेत, ऊन उतरलं की नेत्रावळीची तळी. जेवणाचं मी बोललोय, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, शाकाहारी वेगळं. चंद्रनाथही करू असं आता कुणी म्हणू नये. आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, बंद बूट, भेगांत चप्पल अडकते.

प्रेषक: पर्वरीचे आप्पा

सातच्या आत कुर्डी म्हणजे पर्वरीहून किती वाजता निघायचं? म्हापशाची दोन माणसं मीच गाडीतून मडगावपर्यंत आणतो, बसला उत्तरेत यायला लावू नका, तेवढंच भाडं वाचेल. मयेचं दिवाळीनंतर बघू, पण मिनिट्समध्ये घाला.

प्रेषक: सेक्रेटरी

मेचा शेवटचा शनिवार नक्की. ॲडव्हान्स आत्ता पाठवला, पावती खजिनदारांकडे. बस मडगावहून पहाटे पाचला, आप्पा, तुम्ही साडेतीनला निघा. माई, आई येणार का? ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट ठेवतो, पायरी कमी आहे.

प्रेषक: केप्याची माई

येते म्हणाली. विचारत होती, एवढी माणसं येणार तर सगळ्यांना माजघरात बसवायचं कुठे.